स्टेअरिंग आणि पोट यांच्यातली चार बोटं

परवा डेपोच्या कँटीनमध्ये आमच्यातलाच एक ड्रायव्हर वडा तोंडात असतानाच म्हणाला, "एवढं पथ्यपाणी करून बुवाला काय मिळालं? शेवटी गेलाच ना!" बाकीचे हसले. माझं डोकं असं सणकलं की हातातला कप मी टेबलावर आपटला आणि चहा त्याच्या वड्यावर उडाला. उडाला ते बरंच झालं.

अरे, गेला म्हणजे काय? मरायचं नाही म्हणून बुवा भाकरी मोजून खात होते, असं तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांना रक्ताचा आजार झाला. तो जाड्यालाही होतो आणि बारक्यालाही. उद्या कोणी हेल्मेट घालून ताप येऊन मेला, तर हेल्मेट बिनकामाचं ठरतं का? हे सगळं मी तिथे उभं राहून तावातावाने बोललो. ऐकणारे वडे खात राहिले. शेवटी कँटीनवाला म्हणाला, "जाऊ द्या ना ड्रायव्हर साहेब, बीपी वाढंल." मग मी बाहेर आलो.

गंमत अशी की त्या माणसाची बाजू घेऊन भांडणारा मी, जिवंतपणी त्याच्यावर सगळ्यात जास्त चिडलेला असायचो. चार वर्षं ते माझे कंडक्टर होते. मुरबाडहून सुटायचं, टोकावडे घ्यायचं, माळशेज चढायचा आणि आळेफाट्याला टेकायचं. जेवणाखाण्यावर प्रवचन देतात म्हणून सगळा डेपो त्यांना बुवा म्हणायचा. माळ नाही, टिळा नाही, भजनाचा तर पत्ताच नाही. तानसा तलावाकडच्या एका गावचे, वयाने माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठे. सडसडीत अंग, शर्ट दोन मापं मोठा, आणि खांद्याला तिकिटांच्या बॅगेबरोबर एक कापडी पिशवी. त्या पिशवीत नाचणीची भाकरी, वालाची नाहीतर एखादी रानातली भाजी, एक काकडी आणि पाण्याची बाटली. पाणी कुठलंही भरलेलं असलं तरी म्हणायचे, "आमच्या तानशाचं पाणी मुंबईला जातंय, आमी ह्या बाटलीवर."

पहिल्याच दिवशीची गोष्ट. मी सीटवर बसलो, आरसा नीट केला, तेवढ्यात माझ्या बाजूचं दार उघडलं. बुवा फुटबोर्डवर चढले, हात आत घातला आणि स्टेअरिंग आणि माझं पोट यांच्यामध्ये बोट सरकवायला लागले. मला कळेचना. वाटलं, काही पडलंय.

"एक बोटबी नाय जात रे डायवर," ते म्हणाले. आणि हळू म्हणावं ना? नाही. खच्चून भरलेल्या गाडीत, पुढच्या सीटवर बाया बसलेल्या, त्यांच्यादेखत. "चार पायजेत. चार बोटं नाय गेली तर घाटात चाक फिरवताना पोट आडवं येतंय."

"बुवा, हात काढा," मी म्हणालो.

"काढतोय. तू पोट काढ."

बाया खुदकन हसल्या. माझी कानशिलं गरम झाली. त्या दिवशी मी सरळगावपर्यंत गाडी अशी हाणली की मागच्या सीटवरच्यांनी शिव्या घातल्या.

आणि हे एक दिवसाचं नव्हे. रोज! रोज सकाळी गाडी सुटायच्या आधी हा माणूस दार उघडणार, बोट घालणार, मान हलवणार, दार लावणार आणि मागे जाऊन डबल बेल मारणार. एकदा मी दार आतून लावून घेतलं, तर खिडकीतून हात आला. डेपो मॅनेजरकडे तक्रार करावी असं शंभरदा मनात आलं. पण तक्रारीत लिहायचं काय? कंडक्टर माझं पोट मोजतो? सगळा डेपो वर्षभर हसला असता.

त्यांचा एक प्रश्न होता. तो ते सगळ्यांना विचारायचे, मला, प्रवाशांना, एकदा तर खुद्द तपासनिसालाही. "भूक लागलीय का टाइम झालाय?" स्टँडवर गाडी लागली की माणसं धावत जाऊन वडापाव घेऊन येतात ना, त्यातल्या कुणालाही तिकीट देताना विचारायचे. बहुतेकजण गोंधळायचे. एकजण म्हणाला, "आता गाडीत बसलोय तर खातोय." बुवांनी त्याला तिकीट दिलं आणि म्हणाले, "म्हंजे भूक सीटला लागलीय." तो माणूस टोकावड्यापर्यंत वडापाव हातात धरून बसला होता. शेवटी खाल्लाच त्याने, पण चोरून.

चहात साखर नाही. दिवे लागायच्या आत रात्रीचं जेवण, मग गाडी घाटात असो नाहीतर ओतूरला. भात मात्र खायचे. मी एकदा खोचकपणे विचारलं, "भात कसा चालतो मग?" तर माझ्यावरच खेकसले. "भात सोडायला कोणी सांगितलं? आमी भात पिकवणारी माणसं. पयल्यांदा घ्यायचा. दुसऱ्यांदा घ्यायचा नाय. एवढंच हाय सगळं, बाकी जाहिराती."

जाहिरातींवर तर त्यांचा दात होता. मुरबाडच्या नाक्यावर बोर्ड लागला होता, 'पंधरा दिवसांत पोट गायब'. गाडी तिथून गेली की ते बोर्डाकडे बघून हात हलवायचे, रस्त्यातलं जनावर हाकलतात तसे. एकदा डबे भरलेली बॅग घेऊन एक टाय लावलेला माणूस गाडीत चढला आणि पोट उतरवायच्या पावडरीचं भाषण द्यायला लागला. बुवांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, तिकीट फाडलं आणि विचारलं, "तू सोता घेतोस काय रे ही पावडर?"

"रोज सकाळ-संध्याकाळ, काका."

"मंग शर्ट वर कर."

गाडीत असा हशा पिकला की तो बिचारा पुढच्याच स्टॉपला उतरला. त्या दिवशी मीही हसलो होतो. माझ्या घरी कपाटात त्याच पावडरीचा अर्धा डबा पडलेला होता, हे मी कुणाला सांगितलं नाही.

कारण तेव्हा मला धास्ती बसली होती. आम्हा ड्रायव्हर लोकांची मेडिकल तपासणी होते. त्या वर्षी माझी साखर एवढी वाढलेली निघाली की डॉक्टरांनी कागदावरची मान वर करून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "गोळ्या देतो, पण पोट उतरलं पाहिजे. तीन महिन्यांनी परत या. तेव्हाही असंच असेल तर स्टेअरिंगवर बसवता येणार नाही." म्हणजे डेपोत गाड्या धुवायच्या नाहीतर स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत बसायचं. ज्याने वीस वर्षं घाट चालवलाय, त्याने नटबोल्ट मोजायचे! मी बायकोला सांगितलं नाही. बुवांनाही नाही. पण बुवांना कागद वाचायची गरज नव्हती. दर दोन तासांनी मी लघवीला उतरायला लागलो होतो, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं आणि सरळ माझ्या बायकोला फोन केला.

चुगलखोर! दुसरा शब्द नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी फोन. "सूनबाई, आज दोन गुलाबजाम. सूनबाई, आज जिऱ्याचा भात आणि वर पापड." मी घरी जाऊन दाराशी चप्पल काढायच्या आत बायको विचारायची, "गुलाबजाम कसे होते हो?" तिला वाटायचं, बुवा म्हणजे देवमाणूस. मला वाटायचं, ह्या देवमाणसाला घाटात उतरवून द्यावं.

गुलाबजाम कुठून यायचे, ते सांगायला हवं. टोकावड्याच्या पुढे एक ढाबा होता. तिथे गाडी थांबवायची, प्रवासी उतरायचे, खायचे आणि त्याबद्दल ड्रायव्हर-कंडक्टरला फुकट ताट. ही रीत आमच्याही आधीपासूनची. प्रवाशाला बाहेरच्या बाकावर मिळतं त्यापेक्षा स्टाफच्या ताटात दुप्पट येतं. पनीर, बटर लावलेल्या रोट्या, वर तूप आणि शेवटी गोड. कारण गाडी कुठे थांबवायची ते ड्रायव्हर ठरवतो, आणि ड्रायव्हर खूश राहिला पाहिजे. बुवा स्टाफच्या टेबलावर माझ्यासमोर बसून आपली भाकरी सोडायचे आणि माझ्या ताटाकडे असं बघायचे की घास गिळवत नसे. तरी मी गिळत होतो.

मेडिकलनंतरही मी तिथे थांबत होतो. हो, थांबत होतो. पावडर घरी घ्यायचो आणि ताट इथे. असा मी शहाणा.

मग तो दिवस आला. मी गाडी ढाब्यावर लावली, इंजिन बंद केलं. प्रवासी उठायला लागले, तर बुवा दारात आडवे उभे.

"मंडळी, बसा जरा," ते म्हणाले. "गाडी इथं वीस मिनिटं थांबतेय. का थांबतेय ते सांगतो. आमाला दोघांना इथं फुकट ताट मिळतं म्हणून थांबतेय. तुमाला भूक असंल तर जरूर खा. नसंल तर पाय मोकळे करा, गाडीभोवती चार फेऱ्या मारा. टाइम झालाय म्हणून खाऊ नका."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "खरं सांगतोय गो हा माणूस." आणि ती उतरून खरोखर गाडीभोवती फिरायला लागली. तिच्यामागे तिची सून. मग कॉलेजची दोन पोरं हसत हसत. अर्धी गाडी ढाब्यासमोर गाडीला प्रदक्षिणा घालतेय आणि ढाब्याचा मालक झारा हातात घेऊन बघत उभा आहे! माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ड्रायव्हर साहेब, उद्यापासून गाडी दुसरीकडं लावा."

मी बुवांना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. वडीलधाऱ्या माणसाला बोलू नये ते बोललो. "तुमचा काय संबंध माझ्या पोटाशी? माझं पोट, माझी साखर, माझं मरण!" असं सगळ्यांदेखत ओरडलो. बुवा मागे गेले आणि डबल बेल मारली. त्यानंतर आठवडाभर आमच्यात शब्द नव्हता, फक्त बेल होती. सकाळचं बोटही बंद झालं. सांगायला लाज वाटते, पण दार उघडलं नाही की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. त्याचाही मला राग आला.

पुढे म्हसा गावच्या जत्रेची जादा गाडी आम्हा दोघांच्या वाट्याला आली. गाडी लावून मी बैलबाजाराकडे निघालो होतो. बुवा मागून आले. "चल माज्याबरोबर," म्हणाले. आठ दिवसांतले पहिले शब्द. का कोण जाणे, मी गेलो.

गावाच्या कडेला एका घराच्या ओट्यावर खाटेवर एक आडदांड म्हातारा बसला होता. माझ्याआधी बारा-पंधरा वर्षं हाच बुवांचा ड्रायव्हर होता. मांडीवर चादर होती. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. साखरेने पायाची जखम चिघळली आणि कापावा लागला. बुवांनी पिशवीतून डबा काढून त्याच्यासमोर ठेवला. दर आठवड्याला आणत होते म्हणे, मला चार वर्षांत पत्ता नाही.

म्हाताऱ्याने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मोठ्याने हसला. "तुजापण ढाबा तोच काय रे?" मग बुवांकडे बोट दाखवून म्हणाला, "हा तवा बुवा नव्हता, बरं का. असला जाडा व्हता! ढाब्यात शिरला का ओरडायचा, आधी डायवरला वाढा! माज्या ताटात दुसऱ्यांदा वाढाया लावायचा. मी नको म्हटलं तरी. प्रेम लय याचं."

बुवा खाली मान घालून भाकरीचे तुकडे करत होते.

मग म्हातारा मला घाटाबद्दल विचारायला लागला. बोगद्याच्या अलीकडे अजून दगड येतात का? धुक्यात लाईट कुठला लावतोस? मी सांगत होतो, तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा डावा हात खाटेच्या कडेवर गियर बदलत होता. मी म्हणालो, "त्या शेवटच्या वळणाला परवा समोरून ट्रक आला अंगावर." आणि म्हाताऱ्याचा उरलेला उजवा गुडघा चादरीखाली दचकून खाली दाबला गेला. त्याने ब्रेक मारला होता.

त्याच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

परत येताना जत्रेच्या धुळीत बुवा एवढंच म्हणाले, "डाक्टरनं त्यालाबी सांगितलं व्हतं. आमी दोघं हसलो व्हतो रे. आणि मी परत वाढाया लावलं."

मला पुन्हा राग आला. पण त्या दिवशी कुणाचा, ते कळेना. बुवांचा, म्हाताऱ्याचा, ढाब्याचा, त्या डबल ताटाच्या रितीचा? माणसाला मान द्यायचा म्हणून त्याच्या पानात तो नको म्हणेपर्यंत आणि नको म्हटल्यावरही वाढायचं, ही कसली आपली माया! लग्नात तेच, जत्रेत तेच, पाहुण्याला तेच. जाईपर्यंत वाढायचं आणि गेला की हळहळायचं. सगळ्यात जास्त राग मला माझ्या कपाटातल्या त्या डब्याचा आला. घरी जाऊन तो फेकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच दार उघडलं आणि म्हणालो, "घाला बोट." बुवांनी घातलं. "अर्धं," म्हणाले.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. दुसराही ढाबा धरला नाही. गाडी सरळ पुढे. चहातली साखर बंद झाली तेव्हा तीन दिवस मी सगळ्यांवर गुरगुरत होतो. बायकोने भाकरी आणि भरपूर भाजी बांधायला सुरुवात केली, भात एकदाच. आळेफाट्याला गाडी थांबली की पूर्वी मी सीटवर आडवा व्हायचो. आता बुवा मला स्टँडभोवती फिरवायचे, भरभर, दम लागेपर्यंत. रात्री टीव्ही बंद, झोप पूर्ण. मी वैतागून म्हणायचो, "बुवा, हातपाय बारीक झाले, पोट आहे तिथेच आहे." ते म्हणायचे, "पोट एकटं जात नाय रे. आधी सगळं अंग थोडं थोडं जातंय, पोट सगळ्यात शेवटी निघतंय. घाई केलीस तर तेवढ्याच घाईनं परत येतंय."

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "चालवा गाडी. गोळ्या आणि हे खाणं सोडू नका." मी कागद नाचवत स्टँडवर आलो. वाटलं, आता तरी हा माणूस शाबास म्हणेल. बुवांनी कागद पाहिलाच नाही. दार उघडलं, बोटं घातली.

"अडीच," म्हणाले. "चार पायजेत."

डोक्यात तिडीक गेली माझ्या! पण स्टेअरिंग हातात होतं. घाटात त्या दिवशी प्रत्येक वळणावर मला ते हातात असल्याचं कळत होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी बुवा रिटायर झाले. मी तीन बोटांवर आलो आणि तिथेच अडकलो. विचारणारं कोणी नव्हतं. कधी लग्नाचं जेवण, कधी कंटाळा. ढाब्यावर परत गेलो नाही, पण चौथं बोट काही जाईना. मग बुवांच्या आजाराचं कळलं. भेटायला जायचं, जायचं म्हणत राहिलो.

शेवटची भेट शहापूरच्या स्टँडवर झाली. मी मुरबाडची गाडी घेऊन निघणार होतो. दार उघडलं. बघतो तर बुवा, मागे त्यांचा मुलगा त्यांना धरून. दवाखान्यातून मुरबाडला मुलाकडे परत निघाले होते. शर्ट आता चार मापं मोठा. मुलगा नको नको म्हणत असताना ते फुटबोर्डवर चढले. धाप लागली. हात आत आला.

एक गेलं. दोन, तीन. आणि चौथंही गेलं.

"चार!" बुवा म्हणाले. "चार गेली रे डायवर!" चार वर्षांत मी त्या तोंडावर असं हसू पाहिलं नव्हतं.

मी खाली पाहिलं. त्या बोटांवर मांसच उरलं नव्हतं. नुसती हाडं आणि वर कातडी. माझं पोट होतं तिथेच होतं. बारीक झाला होता तो हात.

"होय बुवा," मी म्हणालो. "झाली चार."

ते मागे जाऊन बसले. माझ्या कंडक्टर ताईंना म्हणाले, "पोरी, आज बेल मी मारतो." आणि मारली.

महिन्याभरात ते गेले.

आता सांगा, मला राग येणार नाही? जन्मभर कुणाचं खोटं ऐकून न घेणारा माणूस जाता जाता माझ्याकडून खोटं वदवून घेऊन गेला. आणि कँटीनमधले हे शहाणे विचारतात, त्याला काय मिळालं! अरे, त्याला काय मिळालं ते सोडा. मला घाट मिळाला. माझे दोन्ही पाय पेडलवर आहेत.

परवा कँटीनमधून तणतणत बाहेर आलो तो सरळ गाडीत जाऊन बसलो आणि स्वतःचा हात घालून पाहिला. जाडजूड, चांगला मांसल हात आहे माझा. तीनच गेली. बुवांना मी चार सांगितली आहेत. काल आळेफाट्याला गाडी लावली, खाली उतरलो आणि स्टँडभोवती एकटाच फेऱ्या मारायला लागलो.